सवलती देऊनही विद्यार्थी मागेच राहतो? समावेशक वर्गातील या चुका टाळा

पहिल्या बाकावर जागा, परीक्षेत वाढीव वेळ आणि सोपा केलेला स्वाध्याय एवढे दिले की वेगळ्या गरजा असलेल्या विद्यार्थ्यासाठी जे करायचे ते करून झाले, असा समज अनेक वर्गांत आढळतो. या तिन्ही गोष्टी उपयोगी पडू शकतात. मात्र मूल नेमके कोठे अडते हे न पाहता त्या दिल्या, तर काही महिन्यांनी ‘एवढे करूनही प्रगती नाही’ असा शेरा प्रगतिपुस्तकात उमटतो आणि दोष मुलाच्या माथी जातो. पुढील चुकांपैकी बहुतेक सद्भावनेतूनच होतात, त्यामुळे त्या लवकर ध्यानात येत नाहीत.

अडथळा न शोधता सवलत देणे

गणितात सातत्याने कमी गुण मिळवणाऱ्या मुलीला शिक्षक सोपी उदाहरणे देऊ लागतात, तेव्हा तिला गणित येत नाही हे त्यांनी गृहीत धरलेले असते. ते तपासून पाहणे अवघड नाही. ‘एका टाकीत दर मिनिटाला १२ लिटर पाणी येते आणि ५ लिटर बाहेर जाते, १० मिनिटांनी टाकीत किती पाणी साठेल?’ हे शाब्दिक उदाहरण तिला आधी स्वतः वाचून सोडवू द्यावे आणि नंतर त्याच धर्तीचे, आकडे बदललेले दुसरे उदाहरण मोठ्याने वाचून दाखवावे. पहिल्याला ती अडली आणि दुसऱ्याचे उत्तर तिने चटकन दिले, तर वजाबाकी व गुणाकार तिला येतात आणि अडचण बहुधा वाचनात आहे. डिस्लेक्सिया (अक्षरे व शब्द वाचण्यातील अडचण) असलेली मुले बऱ्याचदा ‘घ’ आणि ‘ध’ किंवा ‘भ’ आणि ‘म’ यांत गोंधळतात, जोडाक्षरापाशी थबकतात आणि वाक्याच्या शेवटी पोहोचेपर्यंत त्याची सुरुवात विसरून जातात. अशा मुलीला सोपे गणित देणे म्हणजे तिला येणारी गोष्ट काढून घेणे होय. तिला प्रश्न वाचून दाखवण्याची सोय हवी आहे. हीच सोय वाचनकौशल्याच्या चाचणीत दिली, तर मात्र ती चाचणीच निरर्थक ठरते. म्हणून कोणतीही सवलत ठरवण्यापूर्वी ‘या कृतीतून मला काय मोजायचे आहे?’ हे शिक्षकाने स्वतःशी स्पष्ट करून घ्यावे. वाढीव वेळेबाबतही हेच लागू होते, कारण प्रश्नपत्रिकाच वाचता येत नसेल, तर अर्धा तास जास्त दिल्याने केवळ झगडण्याचा काळ वाढतो.

पुढे बसवले की ऐकू येते, असे मानणे

श्रवणयंत्र चष्म्यासारखे दोष दुरुस्त करत नाही. ते शिक्षकाच्या आवाजाबरोबर पंख्याची घरघर, बाक सरकवल्याचा आवाज आणि शेजारची कुजबुजही मोठी करते, शिवाय बोलणारा दूर गेला की त्याची उपयुक्तता झपाट्याने घटते. ओठांच्या हालचालींवरून समजून घेणाऱ्या मुलाला त्यातून मिळणारी माहिती अपुरीच असते. ‘पान’, ‘भान’ आणि ‘मान’ हे तिन्ही शब्द ओठांवर जवळपास एकसारखे दिसतात आणि त्यांतला फरक त्याला संदर्भावरून ताडावा लागतो. त्यातच शिक्षक फळ्याकडे तोंड करून लिहिता लिहिता बोलत असतील, तर तेवढा भाग त्याच्यासाठी गळूनच जातो. आधी लिहावे, मग वळून बोलावे ही साधी सवय कित्येक महागड्या उपकरणांपेक्षा अधिक काम करते, असे माझे मत आहे.

पहिला बाकही नेहमी योग्य ठरत नाही, कारण मागून कोणी प्रश्न विचारला तर तेथे बसलेल्या मुलाला विचारणारा दिसत नाही. पुढच्या भागात पण एका कडेला, शिक्षक आणि वर्ग दोघेही दिसतील अशी जागा बऱ्याचदा अधिक सोयीची असते. अर्थात एकाच कानाने नीट ऐकू येत असेल, तर तो कान वर्गाकडे राहील अशी कड निवडावी लागते. मागून आलेला प्रश्न शिक्षकाने पुन्हा उच्चारावा. ‘ऐकू आले का?’ असे विचारण्यात मात्र अर्थ नाही, कारण चारचौघांत मूल ‘हो’च म्हणते. त्याऐवजी ‘आता काय करायचे आहे, ते तुझ्या शब्दांत सांग’ असे विचारावे.

अक्षर मोठे केले की दिसते, असे मानणे

अल्पदृष्टी ही एकच अवस्था नाही. ज्याचे दृष्टिक्षेत्र आक्रसले आहे, त्याला प्रमाणाबाहेर मोठे केलेले पान उलट त्रासदायक होते, कारण एका नजरेत मावणारे शब्द कमी होतात. काहींना आकारापेक्षा अक्षर आणि पार्श्वभूमी यांतील ठळक फरक महत्त्वाचा असतो, तर काहींची अडचण फळ्यावर पडणाऱ्या खिडकीच्या चकाकीने होते आणि पडदा ओढला की निम्मी मिटते. कोणता आकार व कोणता कागद बरा वाटतो, हे त्या विद्यार्थ्यालाच दोन-तीन नमुने दाखवून विचारावे. शिकवतानाही ‘हे इथून तिथे न्यायचे’ असे न म्हणता ‘डावीकडचा ३ उजव्या बाजूला नेला की त्याचे चिन्ह बदलते’ असे बोलावे, म्हणजे फळा न दिसणाऱ्यालाही पायरी कळते. रंगाबाबतची खबरदारी थोडक्यात सांगता येईल: चूक लाल आणि बरोबर हिरवे एवढाच फरक ठेवू नये, सोबत खूण किंवा शब्दही असावा.

संगणकीय साहित्यातील दोष शिक्षकाला सहसा दिसतच नाही, कारण पडद्यावर सर्व काही ठीक दिसते. पुस्तकाच्या पानाचा नुसता फोटो काढून बनवलेल्या पीडीएफमध्ये स्क्रीन रीडरला, म्हणजे पडद्यावरील मजकूर मोठ्याने वाचून दाखवणाऱ्या प्रणालीला, वाचायला मजकूरच नसतो, आणि युनिकोड (सर्व संगणकांवर सारखीच ओळखली जाणारी अक्षरपद्धती) नसलेल्या जुन्या फॉन्टमध्ये टंकलेला मराठी मजकूर तो अर्थहीन अक्षरांच्या मालिकेसारखा वाचतो. तपासण्यासाठी फाइलमधील एक ओळ निवडून नोटपॅडसारख्या साध्या मजकुराच्या नव्या फाइलमध्ये चिकटवावी. ओळ निवडताच आली नाही किंवा भलतीच अक्षरे उमटली, तर ते साहित्य दृष्टिहीन विद्यार्थ्याच्या उपयोगाचे नाही.

काम कमी करताना उद्दिष्टच कमी करणे

वीसऐवजी सहा उदाहरणे देणे आणि अपूर्णांकांच्या प्रकरणाऐवजी बेरजेची पाने देणे, या दोन पूर्णतः वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्यात हात लवकर थकणाऱ्या मुलालाही तीच संकल्पना शिकायला मिळते. दुसऱ्यात ते वर्गात बसूनही वर्गाच्या बाहेर राहते आणि दरवर्षी हे अंतर वाढत जाते. अभ्यासक्रमाचे उद्दिष्ट खरोखरच बदलावे लागणारे विद्यार्थीही असतात, परंतु तो निर्णय पालक आणि विशेष शिक्षक यांच्यासह विचारपूर्वक व्हावा. रोजच्या घाईत नकळत होऊ नये. अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयी संयुक्त राष्ट्रांनी २००६ साली स्वीकारलेला करार वाजवी सोय नाकारणे हा भेदभाव मानतो, आणि त्याच्या २४ व्या कलमात शिक्षणाचा हक्क सर्वसाधारण शिक्षणव्यवस्थेच्या आत मांडला आहे.

मदतनीस दिल्यानंतरची चूक याच जातीची आहे. शिक्षक ‘त्याला हे समजावून सांगा’ असे मदतनिसाला सांगू लागतात, वर्गमित्रही दूर होतात आणि मुलाचा दिवस एकाच मोठ्या माणसाशी बोलण्यात जातो. प्रश्न मुलालाच, त्याच्याकडे पाहून विचारावा. सांकेतिक भाषेचा दुभाषी असला तरीही.

उत्तरासाठी न थांबणे

अमेरिकी संशोधक मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात वर्गांतील संवादांचा अभ्यास केला, तेव्हा प्रश्न विचारल्यावर शिक्षक जेमतेम सेकंदभर थांबतात असे आढळले. हा अवकाश तीन सेकंदांवर नेल्यावर उत्तरे लांबली आणि अधिक मुले बोलू लागली. अडखळत बोलणाऱ्या, संवादफलक (ज्यावरील चित्रे वा शब्द दाखवून बोलता येते असा फलक) वापरणाऱ्या किंवा मनात भाषांतर करून उत्तर जुळवणाऱ्या मुलाला याहूनही अधिक वेळ लागतो. त्या शांततेत वाक्य त्याच्या वतीने पूर्ण करण्याचा मोह आवरावा.

‘हा पाहून शिकतो, ती ऐकून शिकते’ अशी लेबले लावण्याचा मोहही टाळलेला बरा. अशा शैलीनुसार शिकवल्याने अधिक शिकता येते, याला पुरेसा पुरावा नसल्याचे २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका सविस्तर आढाव्यात नोंदवले आहे. एकच आशय चित्र, शब्द आणि प्रत्यक्ष कृती अशा मार्गांनी सर्वांपुढे ठेवणे अधिक सयुक्तिक आहे, आणि त्यामुळे ‘त्यालाच का, आम्हाला का नाही?’ ही वर्गातील कुरकुरही पुष्कळशी शमते. फळ्यावर लिहिलेल्या सूचना, आधी दिलेली टिपणे, उत्तर तोंडी देण्याची मुभा यांपैकी जे सर्वांना देता येईल, ते कोणा एकाच्या नावाने जाहीर करू नये.

सवलत थेट परीक्षेच्या दिवशी वापरणे

लेखनिकाला, म्हणजे विद्यार्थ्याच्या वतीने उत्तरे लिहिणाऱ्याला, उत्तर सांगणे हे स्वतंत्र कौशल्य आहे. कोणता शब्द अधोरेखित करायचा, परिच्छेद कोठे बदलायचा, आकृतीतील बाण कोणत्या दिशेने काढायचा आणि आधीचे वाक्य परत कसे वाचून घ्यायचे, याचा सराव नसेल तर तयारी झालेला विद्यार्थीही गोंधळतो. म्हणून घटक चाचण्यांपासूनच लेखनिक, वाढीव वेळ किंवा संगणक यांची सवय करावी, आणि प्रत्येक सत्राच्या शेवटी कोणती सोय प्रत्यक्षात वापरली गेली व कोणती नुसतीच कागदावर राहिली, हे विद्यार्थ्याला एकट्याला भेटून विचारावे.