जवळचा नोड नकाशावर शोधू नका

नांदेडहून लातूरचा नोड (नेटवर्कला जोडलेला संगणक) जवळ, असं मी बिनधास्त गृहीत धरलं होतं. हवाई अंतर सव्वाशे किलोमीटरच्या आतच. फायबरमधून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर धावतो, म्हणजे शंभर किलोमीटर जाऊन-येऊन १ मिलिसेकंद. पिंग मारलं, म्हणजे छोटा संदेश पाठवून उत्तर यायला लागलेला वेळ मोजला, तर लातूर २७ मिलिसेकंद आणि मुंबई १४! माझं कनेक्शन एका कंपनीचं, लातूरचं दुसरीचं, आणि दोघींची गाठ पडते थेट मुंबईत. डेटाचं पाकीट मुंबई बघूनच लातूरला जातं.

तेव्हा आधी मोजा. वीसेक पिंग मारा आणि त्यातला सगळ्यात कमी आकडा धरा. सरासरी नको, कारण रांगेत अडकून वेळ वाढतोच, कमी कधी होत नाही. पिंग बंद असेल तर टीसीपी जोडणीला (दोन संगणकांमधला नेहमीचा संपर्क सुरू व्हायला) लागलेला वेळ घ्या.

दहा-बारा नोड असतील तर एवढ्यावर भागतं. हजार झाले की मोजायच्या जोड्याच होतात ४,९९,५००. मग दोन वाटा. एक व्हिवाल्डी नावाची पद्धत: प्रत्येक नोड स्वतःला काल्पनिक जागा देतो आणि मोजमापाप्रमाणे थोडाथोडा सरकतो. कॉन्सुल या सर्व्हर-सेवा सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये हेच आहे. स्वस्त, पण आमच्यासारखा मुंबईचा वळसा आला की अंदाज चुकतो.

दुसरी, आणि मला भावते ती, २००५ साली कॉर्नेल विद्यापीठातून आलेली मेरिडियन पद्धत. गावात एखाद्याचं घर विचारावं तशी. पारावरच्या माणसाला घर माहीत नसतं, गल्ली माहीत असते; तो गल्लीतल्या कुणाकडे पाठवतो. प्रत्येक नोड आपल्या ओळखीचे नोड १, २, ४, ८ मिलिसेकंद अशा दुप्पट होत जाणाऱ्या कड्यांत ठेवतो. समजा लक्ष्य, म्हणजे ज्याच्या जवळचा नोड शोधायचा तो संगणक, माझ्यापासून ४० मिलिसेकंदांवर आहे. मी माझ्यापासून २० ते ६० वर असलेल्यांना म्हणतो, ‘लक्ष्य तुमच्यापासून किती लांब ते मोजा.’ कुणाला २० किंवा त्याहून कमी दिसलं तर पुढचा शोध त्याच्याकडे. नाही दिसलं तर तिथंच थांबायचं. आतापर्यंतचा सर्वांत जवळचा तोच आपला.

खरी मेख कडी भरण्यात आहे. एका कड्यात सोळा नोड घेतले आणि सोळाही मुंबईच्या एकाच डेटासेंटरमधले निघाले, तर ते पारावरच्या एकाच माणसाला सोळा वेळा विचारल्यासारखं. एकमेकांपासून लांबचे निवडा: एखादा हैदराबादचा, एखादा पुण्याचा. आणि कडी अधूनमधून पुन्हा मोजा. आमच्याकडं रस्त्याचं काम निघालं, जेसीबीनं फायबर तोडली, की सकाळचे १४ दुपारी ३५ झालेले असतात.