पार्लरची बॅग घेऊन घरोघरी फिरताना अंग कसं सांभाळायचं

ॲपवर ब्युटिशियन म्हणून लागलीस की ट्रेनिंगमध्ये चादर अंथरण्यापासून क्लाएंटशी गोड बोलण्यापर्यंत सगळं शिकवतात. लघवीला कुठे जायचं, हे कोणी सांगत नाही. म्हणून मी तिथूनच सुरुवात करते.

पाणी कमी पिऊ नकोस. ठाण्यात घोडबंदर रोडला काम करणाऱ्या कितीतरी मुली हाच उपाय करतात आणि मग जळजळ, ताप, गोळ्या. बायकांचा मूत्रमार्ग आखूड असतो, इन्फेक्शन पटकन होतं. क्लाएंटच्या घरात शिरलीस की बॅग उघडायच्या आधीच विचार, "मॅडम, वॉशरूम वापरू का?" काम अर्ध्यावर आलं की विचारवत नाही. नाही म्हणाल्या, तर खाली वॉचमनला विचार. बऱ्याच सोसायट्यांत कामवाल्या ताईंसाठी टॉयलेट असतं. माजिवडा ते कासारवडवली कुठला पेट्रोल पंप, कुठला मॉल बरा, ते एकदा बघून ठेव. पाळीच्या दिवसांत दोन जॉबच्या मधला स्लॉट बंद ठेव, म्हणजे त्या वेळेत बुकिंग घेऊ नकोस. पैसे कमी मिळतील, तरी ठेव.

बॅग दोन्ही खांद्यांवर घे, वॅक्स हीटरसारखं जड सामान पाठीला लागून. थ्रेडिंगला क्लाएंटला उंच खुर्चीत मागे टेकून बसव, नाहीतर दातात दोरा धरून तुझीच मान वाकलेली राहते. पेडिक्युअर उकिडवं बसून करू नकोस, स्टूल माग.

आता रेटिंग. एक वाईट रेटिंग आलं की लीड, म्हणजे ॲपवरून येणारी कामं, कमी होतील, आयडी ब्लॉक होईल, या धास्तीने कितीजणी रात्री उशाशी फोन घेऊन जागतात. क्लाएंटने तीन स्टार दिले म्हणजे तुझा हात वाईट झाला नाही. कधी तिला लिफ्ट बंद असल्याचा राग असतो. जेवायच्या आधी उद्याचे जॉब बघ, रेटिंग बघ आणि फोन दुसऱ्या खोलीत चार्जिंगला लाव. झोप उडाली, जेवण जाईना, उगाच रडू यायला लागलं, तर १४४१६ लाव. ती सरकारची टेली-मानस हेल्पलाइन आहे. फुकट, चोवीस तास, मराठीतून बोलता येतं.

आणि ई-श्रमवर, म्हणजे असंघटित कामगारांच्या सरकारी पोर्टलवर, नाव नोंदव. २०२५ च्या अर्थसंकल्पात ॲपवर काम करणाऱ्यांना त्या नोंदणीतून आयुष्मान भारतचं आरोग्य कवच द्यायची घोषणा झाली आहे. आधारला मोबाईल जोडलेला असला की घरूनच नोंदणी करता येते.