रिव्हॉल्व्हरचा गंज असा काढला

आमच्या परवान्याच्या .३२ रिव्हॉल्व्हरच्या नळीवर आणि सिलिंडरच्या, म्हणजे काडतुसं बसतात त्या फिरत्या भागाच्या, खाचांत तांबूस ठिपके दिसले. लातूरकडं हवा एरवी कोरडी, पण मृग लागला की लोखंडाचे हाल. खरं कारण निघालं चामड्याचं कव्हर. चामडं ओल धरतं आणि कमावताना वापरलेले क्षार लोखंड खातात.

आधी सिलिंडर उघडून सगळी घरं रिकामी असल्याची डोळ्यांनी आणि बोटानं खात्री केली. काडतुसं दुसऱ्या खोलीत. ठिपक्यांवर गन ऑइल सोडून रात्रभर ठेवलं. सकाळी सगळ्यात बारीक, चार शून्यांच्या स्टील वूलनं (पोलादी तारांच्या मऊ गुंत्यानं) तेलासकट हलक्या हातानं चोळलं. पुसलं तर फडकं विटकरी, खालचा निळसर-काळा मुलामा मात्र शाबूत. पॉलिश पेपर लावायचाच नाही, मुलामाच जातो. नळीत ब्रश, मग कोरडं फडकं, मग तेलाचा हात. तोही पातळच, थबथबलं की धूळ चिकटते. घरातलं खोबरेल तर नकोच, थंडीत गोठतं.

आता हाताळलं की घामाचे ठसे लगेच पुसतो. कुलूपबंद पेटीत, कव्हरशिवाय, ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवतो. पावसाळ्यात पंधरवड्याला तेल, उन्हाळ्यात नुसती नजर.