ड्युटीवर दिव्यांगत्व आलेल्या पोलिसासाठी: गाडीची नोंदणी आणि पार्किंगची तयारी

बंदोबस्तात किंवा पाठलागात जखमी होऊन हातापायाची ताकद गेलेला पोलीस बरा होऊन घरी येतो, तेव्हा घरच्यांपुढे पहिला प्रश्न असतो तो ठाण्यापर्यंत रोज जायचं कसं. मार्ग आहेत. पण जखमी पोलिसासाठी आपल्याकडे वेगळी नंबरप्लेट किंवा वेगळा पार्किंग पास नाही. ज्या सवलती आहेत त्या दिव्यांग म्हणून मिळतात, वर्दी बघून नाही. खासगी गाडीवर 'पोलीस' पाटी लावणं तर नियमातच बसत नाही, तेव्हा तो रस्ता सोडून द्या आणि कागद गोळा करायला लागा.

सुरुवात यूडीआयडी म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्रापासून. स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करताना आधार, फोटो आणि उपचारांचे सगळे कागद जवळ ठेवा. तपासणी शासकीय रुग्णालयात होते. कायद्यातली रेषा 40 टक्के दिव्यांगत्वाची आहे, त्याखाली पांढरं कार्ड मिळतं आणि बहुतेक सवलती तिथेच थांबतात. प्रमाणपत्र तात्पुरतं असेल तर मुदत संपण्याआधी नूतनीकरणाला लागा. त्याच सुमारास स्टेशन डायरीतल्या नोंदीची प्रत, डिस्चार्ज कार्ड आणि सेवापुस्तकातली नोंद यांची एक फाइल करा. गाडीसाठी हे कागद क्वचितच लागतात, नोकरीसाठी मात्र नक्की लागतील: 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम 20 सांगतं की सेवेत असताना दिव्यांगत्व आलं म्हणून कर्मचाऱ्याला काढता येत नाही की खालच्या पदावर नेता येत नाही.

आता गाडी. ती ज्याच्या सवलती घ्यायच्या त्याच्याच नावावर हवी. कर्जाच्या सोयीसाठी पत्नीच्या किंवा मुलाच्या नावावर घेतली की पुढचं सगळं अडतं. नवी गाडी असेल तर डीलरने नमुना 20 म्हणजे नोंदणीचा अर्ज भरण्याआधीच त्याला गाठा. 2020 च्या ऑक्टोबरपासून या अर्जात मालकीच्या प्रकारात 'दिव्यांगजन' असा पर्याय आहे. तो निवडून घ्या, नाहीतर आरसीवर साधी वैयक्तिक मालकी येते आणि दुरुस्तीसाठी पुन्हा आरटीओच्या खिडकीपुढे उभं राहावं लागतं. दिव्यांगांसाठीच्या जीएसटी सवलतीची जुनी माहिती अजून फिरते आहे, पण 22 सप्टेंबर 2025 पासून लहान गाड्यांवर सगळ्यांनाच 18 टक्के कर आहे.

गाडीला हँड कंट्रोल (पायांऐवजी हाताने चालवायची सोय) किंवा स्कूटरला साइड व्हील लावायचे असतील तर क्रम चुकवू नका. आधी आरटीओची परवानगी, मग किट, मग 14 दिवसांत आरसी घेऊन नोंद. किट घेतानाच त्याच्या मंजुरीचं प्रमाणपत्र विक्रेत्याकडून मागा. पुण्याच्या एआरएआयसारख्या वाहन चाचणी संस्थेची चाचणी झालेली असली की मोटार वाहन निरीक्षकापुढे वाद उरत नाही. ज्याला स्वतः चालवता येणार नाही त्यानेही निराश होऊ नये. मोटार वाहन कायद्यातल्या व्याख्येप्रमाणे अनुकूलित वाहन, म्हणजे असे बदल केलेली गाडी, दिव्यांग व्यक्तीने 'किंवा तिच्यासाठी' वापरलेलं चालतं, म्हणजे स्टिअरिंगवर घरातलं कोणीही असू शकतं. चालवणार असाल तर जुन्या लायसन्सवर विसंबू नका. वैद्यकीय प्रमाणपत्र देऊन लायसन्सवर अनुकूलित वाहनाची नोंद करून घ्या, नाहीतर अपघात झाल्यावर विम्याचा दावा अडकू शकतो.

आरसीवर बदलाची नोंद आली की दोन कामं उरकून टाका. विमा कंपनीला ती प्रत देऊन गाडीच्या स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यावर 50 टक्के सूट मागा. एजंट स्वतःहून सांगेलच असं नाही. दिव्यांगांसाठी खास बनवलेल्या गाडीला राष्ट्रीय महामार्गांवर टोलमाफी आहे, त्यासाठी सूट असलेल्या फास्टॅगचा अर्ज वेगळा करावा लागतो. राज्याच्या मोटार वाहन कराच्या माफीचं तिथल्या तिथे आरटीओतच विचारा.

पार्किंगचं काम कागदांपेक्षा पाठपुराव्याचं आहे. केंद्राच्या सुगम्यता मार्गदर्शक तत्त्वांत दिव्यांगांची जागा 3.6 मीटर रुंद आणि प्रवेशद्वारापासून 30 मीटरच्या आत असावी असं म्हटलं आहे. रुंदीचा आग्रह धरा: व्हीलचेअर गाडीशेजारी लावून दार पूर्ण उघडायचं असतं, आणि साध्या जागेत ते होत नाही. ठाण्यात किंवा मुख्यालयात अशी जागा आखून मिळावी म्हणून घटक प्रमुखांना (पोलीस आयुक्त किंवा अधीक्षक) लेखी अर्ज द्या, सोबत यूडीआयडी आणि आरसीची प्रत जोडा आणि पोच घ्या. सोसायटीतही तसंच, लिफ्टजवळची जागा तोंडी न मागता सचिवांना पत्र देऊन मागा. गाडीच्या काचेवर व्हीलचेअरचं चिन्ह लावा आणि मूळ यूडीआयडी कार्ड गाडीत न ठेवता खिशात ठेवा, कारण मॉलच्या किंवा रुग्णालयाच्या गेटवरचा सुरक्षारक्षक तेच मागतो.