काट्यावरच्या पायथन स्क्रिप्टची मेमरी गळती आधीच पकडा

कापसाच्या हंगामात जिनिंगच्या वजनकाट्यावर स्क्रिप्ट दिवसरात्र चालते. वापरून झालेली मेमरी परत न सुटणं म्हणजे गळती. तिच्यामुळे मेमरी संपून स्क्रिप्ट मध्येच बंद पडली, तर गाड्यांची रांग फाटकाबाहेर जाते आणि शेतकरी उन्हात तिष्ठतो. म्हणून ही चाचणी काट्यावर बसवण्याआधीच करा.

पायटेस्ट या चाचणीच्या साधनात ट्रेसमॅलॉक (कोणत्या ओळीने किती मेमरी घेतली ते नोंदवणारं पायथनचं मॉड्यूल) सुरू करून वजन नोंदवणारं फंक्शन आधी 50 वेळा चालवा. सुरुवातीला कॅशे (पुन्हा लागणाऱ्या माहितीचे तात्पुरते साठे) भरतात, ती वाढ गळती नव्हे. मग जीसी कलेक्ट (नको असलेली मेमरी मोकळी करणं), स्नॅपशॉट (त्या क्षणीच्या मेमरीची नोंद), त्याच फंक्शनच्या 1000 फेऱ्या, पुन्हा कलेक्ट, दुसरा स्नॅपशॉट. दोन्हींची ओळीनुसार तुलना केली की मेमरी वाढवणारी नेमकी ओळ सापडते. वाढ 100 केबीच्या वर गेली की टेस्ट फेल. शंका असेल तर 2000 फेऱ्या द्या. वाढही दुप्पट झाली तर गळती पक्की समजा. बहुतेकदा कारण एकच: फंक्शनबाहेर ठेवलेली, प्रत्येक पावती पोटात घेत जाणारी लिस्ट.

सी भाषेतल्या लायब्ररीची मेमरी ट्रेसमॅलॉकला बरेचदा दिसत नाही, तिथे पीएसयुटिल या लायब्ररीने आरएसएस, म्हणजे स्क्रिप्टने प्रत्यक्ष व्यापलेली रॅम, मोजा. उघड्या राहिलेल्या फाइलची वॉर्निंग पायथन एरवी दाखवतच नाही. स्क्रिप्ट पायथनच्या डेव्हलपमेंट मोडमध्ये (जादा तपासण्या चालू असलेल्या मोडमध्ये) चालवा, लगेच दिसेल.