काड्यांचा छपरी पूल: टाउन जाळीची पद्धत

शाळेच्या प्रकल्पासाठी पूल करायचा असेल तर अमेरिकेतल्या खेड्यांमधला छपराचा लाकडी पूल निवडा. इथिएल टाउन या वास्तुरचनाकाराने १८२० मध्ये त्याच्या जाळीचे पेटंट घेतले. सारख्या मापाच्या फळ्या तिरक्या, एकमेकींना छेदत ठोकायच्या. भारी तुळया लागत नाहीत. न्यू हॅम्पशायर आणि व्हरमाँटला जोडणारा १८६६ चा ४४९ फुटी पूल याच घराण्यातला, आणि त्यावरून आजही गाड्या जातात. छप्पर असते ते जाळी कोरडी राहावी म्हणून. कोकणात मातीच्या भिंतींना पावसाळ्यात विणलेल्या झावळ्यांचे झाप लावत, तसेच.

ठाण्यात जांभळी नाक्याच्या बाजारात आइस्क्रीमच्या काड्या सुट्या मिळतात. ११.४ सेंमी लांबीच्या साधारण १२० लागतील, पण १५० घ्या. प्रत्येक काडी काचेवर ठेवून पाहा. वाकडी असेल तर बाजूला काढा. ठाण्याच्या पावसाळी हवेत काड्या ओल धरतात, म्हणून आधी दिवसभर पंख्याखाली पसरा.

कागदावर ८ सेंमी अंतराने ४८ सेंमीच्या दोन समांतर रेषा मारा आणि दर ४ सेंमीवर खूण करा. एका दिशेच्या ११ काड्या ४५ अंशांत मांडा, वरून उलट दिशेच्या ११. जिथे छेदतात त्या प्रत्येक ठिकाणी फेव्हिकॉलचा थेंब हवा. मग वरच्या आणि खालच्या रेषेवर, जाळीच्या दोन्ही अंगांना, आडव्या काड्यांच्या पट्ट्या चिकटवा. सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. खालची पट्टी ताणली जाते. आतला आणि बाहेरचा सांधा समोरासमोर आला तर पूल नेमका तिथेच उघडतो. म्हणून बाहेरची रांग अर्ध्या काडीने सुरू करा. वजन ठेवून २४ तास वाळवा, पावसाळ्यात ३६.

अशा दोन भिंती ९ सेंमी अंतरावर उभ्या करून खाली-वर दर ४ सेंमीवर आडव्या काड्या लावा. वरच्या बाजूला तिरके आधार विसरू नका. ते नसले की जाळी कितीही मजबूत असो, भिंती कुशीवर कलतात.

दोन टेबलांमध्ये ४० सेंमी अंतर ठेवून पूल आडवा टाका, मधोमध बादली टांगा आणि अर्धा-अर्धा लिटर पाणी ओता. करकर आवाज आला की थांबा.

पुठ्ठ्याचे छप्पर दोन्ही बाजूंना दीड सेंमी बाहेर काढा, पण चिकटवू नका. परीक्षकांना ते उचलून आतली जाळी दाखवता येईल.