ट्यूडर इंग्लंडमधील कॅथलिक-प्रोटेस्टंट संघर्षाविषयी लिहिताना या चुका टाळा

ट्यूडर घराण्याच्या काळातील धर्मसंघर्षावर मराठीत जे लेखन होते, त्यात राणी पहिली मेरी हिच्या कारकिर्दीला सर्वाधिक जागा मिळते आणि सर्वाधिक चुकाही तिथेच आढळतात. तिच्या राज्यात (१५५३–१५५८) सुमारे २८० प्रोटेस्टंट, म्हणजे पोपची सत्ता आणि कॅथलिक शिकवण नाकारणाऱ्या, स्त्री-पुरुषांना जिवंत जाळण्यात आले. इतक्या माणसांचे प्राण ज्या वादात गेले, तो वाद नेमका काय होता हे जबाबदारीने मांडलेच पाहिजे. बहुतेक चुकांचे मूळ एकच असते. कॅथलिक आणि प्रोटेस्टंट हे पहिल्यापासून ठरलेले दोन पक्ष होते, असे लेखक गृहीत धरतो. वस्तुतः १५३४ ते १५५९ या पंचवीस वर्षांत इंग्लंडचे अधिकृत धर्मधोरण चारदा पालटले, आणि एका वर्षी कायद्याने सक्तीची असलेली उपासना दहा वर्षांनी गुन्हा ठरू शकत होती. म्हणून कोणत्याही घटनेपाशी आल्यावर ती कोणत्या वर्षीची आहे आणि शिक्षा कोणत्या कायद्याखाली झाली, हे दोन प्रश्न आधी सोडवावेत.

आठव्या हेन्रीला प्रोटेस्टंट म्हणणे

हेन्रीने घटस्फोटासाठी पोपशी फारकत घेतली आणि इंग्लंड प्रोटेस्टंट झाले, हे वाक्य अनेक परीक्षोपयोगी टिपणांत सापडते. त्याचा उत्तरार्ध चुकीचा आहे. प्रोटेस्टंट चळवळ सुरू करणाऱ्या ल्यूथरच्या विरोधात ग्रंथ लिहिल्याबद्दल १५२१ मध्ये पोपने याच हेन्रीला ‘धर्मरक्षक’ हा किताब दिला होता. १५३४ च्या कायद्याने तो इंग्लंडच्या चर्चचा सर्वोच्च प्रमुख झाला आणि पुढच्या काही वर्षांत त्याने मठ बरखास्त केले. तरीही १५३९ च्या सहा कलमांच्या कायद्याने धर्मगुरूंचे ब्रह्मचर्य कायम ठेवले आणि मिस्सामधील (कॅथलिक उपासनाविधीतील) भाकर व द्राक्षारस हे प्रत्यक्ष ख्रिस्ताचे शरीर व रक्त होतात, ही शिकवण नाकारणाऱ्यास जाळण्याची शिक्षा ठेवली.

३० जुलै १५४० या दिवशी लंडनच्या स्मिथफील्ड मैदानात काय झाले ते पाहिले म्हणजे हेन्रीचे धोरण कळते. त्या दिवशी रॉबर्ट बार्न्ससह तीन प्रोटेस्टंट धर्मोपदेशकांना पाखंडी, म्हणजे अधिकृत धर्ममताविरुद्ध मत धरणारे, म्हणून जाळण्यात आले, तर तीन कॅथलिक धर्मगुरूंना राजाचे धार्मिक प्रमुखपद नाकारल्याबद्दल राजद्रोही म्हणून फाशी देऊन त्यांच्या देहाचे तुकडे करण्यात आले. कडवे प्रोटेस्टंट वळण आले ते त्याचा मुलगा सहावा एडवर्ड याच्या कारकिर्दीत, १५४९ आणि १५५२ च्या इंग्रजी प्रार्थनापुस्तकांबरोबर. त्यांपैकी पहिल्या पुस्तकाविरुद्ध डेव्हन आणि कॉर्नवॉलमधील जनतेने बंड केले, याचा उल्लेखही अनेकदा राहून जातो.

दोन मेरींची गल्लत

प्रोटेस्टंटांना जाळणारी मेरी ही हेन्री आणि कॅथरिन ऑफ अ‍ॅरागॉन यांची मुलगी. तिची सावत्र बहीण आणि तिच्यानंतरची राणी एलिझाबेथ हिने १५८७ मध्ये जिचा शिरच्छेद करवला ती स्कॉटलंडची राणी मेरी. दोघी कॅथलिक होत्या, एवढ्यावरून त्यांची चरित्रे एकमेकींत मिसळू नयेत.

मेरीच्या काळात पाखंड आणि राजद्रोह एकत्र करणे

ही चूक सर्वांत गंभीर आहे. मेरी जुलै १५५३ मध्ये राणी झाली आणि तिने लगेच माणसे जाळायला सुरुवात केली, असे लिहिले जाते; पण ते खरे नाही. पाखंडाविरुद्धचे जुने कायदे पार्लमेंटने पुन्हा मंजूर केले ते १५५४ च्या अखेरीस, पोपशी समेट झाल्यानंतर, आणि पहिला बळी जॉन रॉजर्स याला ४ फेब्रुवारी १५५५ रोजी स्मिथफील्डमध्ये जाळण्यात आले. त्याआधी, मेरीऐवजी काही दिवस राणी घोषित झालेल्या लेडी जेन ग्रे हिचा जो शिरच्छेद झाला तो राजद्रोहासाठी होता. मेरीच्या फिलिपशी विवाहाविरुद्ध १५५४ मध्ये झालेल्या वायटच्या बंडातील शिक्षाही राजद्रोहाच्याच होत्या. पाखंडाचा खटला बिशपच्या न्यायासनासमोर चाले, आरोपीला मत मागे घेण्याची संधी मिळे, आणि तो ठाम राहिला तरच त्याला शिक्षेसाठी राज्याच्या अधिकाऱ्यांच्या हवाली केले जाई.

एडवर्डच्या काळातील प्रार्थनापुस्तकांचा प्रमुख कर्ता आर्चबिशप क्रॅनमर याचा शेवट या पार्श्वभूमीवर वाचावा. राजद्रोहाबद्दल तो १५५३ मध्येच दोषी ठरला होता, तरी त्याला जाळण्यात आले ते पाखंडासाठी. तुरुंगात त्याने आपली मते लेखी मागे घेतली होती आणि रूढ प्रथेनुसार त्याचा जीव वाचायला हवा होता, पण मेरीने शिक्षा कायम ठेवली. २१ मार्च १५५६ रोजी ऑक्सफर्डच्या सेंट मेरी चर्चमध्ये त्याने सर्वांसमक्ष शरणागती वाचून दाखवावी अशी अपेक्षा होती. त्याऐवजी त्याने ती शरणागतीच नाकारली आणि चितेवर, त्या कागदांवर सही करणारा उजवा हात सर्वांत आधी ज्वाळेत धरला. माझ्या मते मेरीच्या धोरणाची सर्वांत मोठी राजकीय घोडचूक हीच होती, कारण शरण आलेला क्रॅनमर जिवंत ठेवण्यात तिचा जो लाभ होता, तो तिने स्वतःच्या हाताने घालवला.

आणखी दोन गोष्टी सुटता कामा नयेत. बळींमध्ये बिशप मोजकेच होते. विणकर, कारागीर, मजूर आणि पन्नासहून अधिक स्त्रिया त्यांत होत्या, आणि बहुतेक शिक्षा लंडन, केंट, एसेक्स, ससेक्स या आग्नेय भागात झाल्या. दुसरे म्हणजे, सगळा दोष मेरीचा पती स्पेनचा फिलिप याच्यावर किंवा पोपवर ढकलू नये. फिलिपच्याच परिवारातील धर्मगुरू अल्फोन्सो द कास्त्रो याने फेब्रुवारी १५५५ मध्ये या शिक्षांविरुद्ध प्रवचन केले होते. पोप चौथा पॉल तर १५५७ मध्ये फिलिपशी युद्ध करत होता आणि मेरीचा सल्लागार कार्डिनल पोल यालाच पाखंडाच्या संशयावरून रोमला बोलावत होता.

एलिझाबेथला सर्वधर्मसहिष्णू ठरवणे

मेरीला काळ्या रंगात रंगवले की एलिझाबेथ आपोआप उजळ दिसते. तिच्या कारकिर्दीत सुमारे दोनशे कॅथलिकांना धर्मकारणावरून मृत्युदंड झाला. फरक एवढाच की तो पाखंडाऐवजी राजद्रोहाच्या नावाखाली झाला. १५७० मध्ये पोपने तिला पदच्युत घोषित केल्यानंतर कायदे कडक होत गेले. १५८१ पासून सरकारी चर्चच्या उपासनेला न जाणाऱ्यास दरमहा २० पौंड दंड होता, त्याच वर्षी जेझुइट (‘येशूसंघ’ या कॅथलिक धर्मसंघाचा सदस्य) एडमंड कॅम्पियन याला टायबर्न येथे फाशी झाली, आणि १५८५ च्या कायद्याने परदेशात दीक्षा घेतलेल्या इंग्रज धर्मगुरूचे केवळ मायदेशी असणे हाच राजद्रोह ठरला.

या कोंडीतून बाहेर पडलेला एक इंग्रज कॅथलिक मराठी वाचकाच्या चांगल्या ओळखीचा आहे. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्लंड सोडून रोममध्ये जेझुइट झाले, १५७९ मध्ये गोव्याला पोहोचले आणि त्यांचे मराठी ओवीबद्ध ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये गोव्यातील राशोल येथे छापले गेले. १५८३ मध्ये इंग्रज व्यापारी राल्फ फिच आणि त्याचे सोबती गोव्याच्या तुरुंगात अडकले, तेव्हा एलिझाबेथच्या या प्रजाजनांना जामीन मिळवून देण्यास फादर स्टीफन्स यांनीच मदत केली. इंग्रज कॅथलिक म्हणजे देशाचा शत्रू, हे सरसकट विधान करण्यापूर्वी हा प्रसंग अवश्य विचारात घ्यावा.

अवतरणे आणि तारखा

जॉन फॉक्सचा हुतात्म्यांविषयीचा ग्रंथ अनमोल आहे, पण तो प्रोटेस्टंट बाजूने लिहिलेला आहे. मेरीच्या काळात एकत्र जाळलेल्या दोन प्रोटेस्टंट धर्मनेत्यांपैकी लॅटिमर चितेवर रिडलीला धीर देतो ते प्रसिद्ध उद्गार १५६३ च्या आवृत्तीत नाहीत; ते १५७० च्या आवृत्तीत येतात. म्हणून ‘फॉक्सच्या वृत्तांतानुसार’ असे म्हणूनच ते द्यावेत.

दोन पुस्तकांत एकाच घटनेचे वर्ष वेगळे दिसले, तर लगेच एकाला चूक ठरवू नये. त्या काळी इंग्लंडचे वर्ष २५ मार्चला बदलत असे, त्यामुळे रॉजर्सचा मृत्यू समकालीन कागदपत्रांत फेब्रुवारी १५५४ चा आणि क्रॅनमरचा मार्च १५५५ चा दिसतो. १ जानेवारी ते २४ मार्च या दरम्यानच्या प्रत्येक तारखेचे वर्ष तपासावे आणि संपूर्ण लेखात आधुनिक गणनाच वापरावी.